एन.ए. झालेल्या जागेत कुठलाही कारखाना टाकता येतो का?

तुम्ही लिहिलंय की बडोद्याच्या दक्षिणेला, पोरच्या बाजूला दीड बिघा जमीन बघितली आहे. आधी फॅब्रिकेशनची शेड टाकायची आणि जम बसला की पावडर कोटिंगही, म्हणजे धातूवर कोरड्या रंगाची पावडर उडवून भाजणं, तिथंच करायचं, असा विचार आहे. दलाल म्हणतो, 'एन.ए. झालेली आहे, काय हवं ते टाका.' हे खरं का, आणि झोन म्हणजे नक्की काय, असं तुम्ही विचारलंय.

खरं नाही. आणि बयाणा देण्याआधी विचारलंत हे फार चांगलं केलंत, कारण माझ्याकडे येणारे दहातले आठ जण शेडचे खांब उभे झाल्यावर येतात.

मी बडोद्यात 22 वर्षं प्लॅन पास करून घेण्याची कामं करतो. ऑफिस दांडिया बाजारात आहे, कामं बहुतेक मकरपुरा, पोर, वाघोडिया आणि सावली बाजूची. त्यामुळे हा घोळ रोज डोळ्यांसमोर असतो.

एन.ए. म्हणजे बिगरशेती. हा महसूल खात्याचा विषय आहे. ही जमीन शेतीखेरीज दुसऱ्या वापरासाठी मोकळी झाली का आणि त्यावर सरकारी आकारणी किती, एवढंच त्यात ठरतं. हुकमातही हेतू लिहिलेला असतो: रहिवासी, वाणिज्य किंवा औद्योगिक. बहुतेक लोक पहिलं पान आणि शिक्का बघतात, हेतूची ओळ वाचतच नाहीत. रहिवासी हेतूने एन.ए. झालेल्या प्लॉटवर लेथ बसवलेले लोक मी पाहिलेत.

झोन ही वेगळी गोष्ट आहे. गुजरातच्या 1976 च्या नगररचना आणि शहरी विकास कायद्याखाली शहराचा विकास आराखडा होतो. बडोद्यापुरतं ते काम 1978 पासून वुडाकडे, म्हणजे वडोदरा शहरी विकास प्राधिकरणाकडे आहे. या आराखड्यात शहर आणि भोवतालची गावं रंगांत वाटलेली असतात. कुठे राहायचं, कुठे बाजार, कुठे कारखाने, कुठे फक्त शेती. त्या रंगात कुठला वापर चालतो ते 2017 च्या सर्वसमावेशक विकास नियंत्रण नियमांत लिहिलंय. सगळे त्याला सीजीडीसीआर म्हणतात. एन.ए. तुमच्या जमिनीकडे बघतं, झोन तुमच्या शेजाऱ्याकडे बघतो. हा फरक एकदा डोक्यात बसला की बाकीचे नियम आपोआप उलगडतात.

औद्योगिक झोनही एकच नसतो. एक सर्वसाधारण आणि एक विशेष. सर्वसाधारण झोनमध्ये हलके आणि मध्यम उद्योग, जोडणीची कामं, गोदामं वगैरे. दुर्गंधी सोडणारे, स्फोटक किंवा विषारी माल हाताळणारे उद्योग विशेष झोनमध्येच. शेती झोनमध्ये शेतीशी नातं असलेल्या थोड्या गोष्टी चालतात, पण शेती झोनमध्ये शेड दिसते म्हणून तिथं कारखाना चालतो असं धरून चालू नका. शेजारी कुणाचं शीतगृह असेल, तर ते त्याच्या कामामुळे बसलंय. तुमचं काम वेगळं आहे. आणि झोन बरोबर असला तरी प्लॉटसमोरचा रस्ता किती रुंद, चारही बाजूंना मोकळी जागा किती, किती भागावर बांधायचं, ट्रक आतच वळून माल उतरवेल की रस्त्यावर उभा राहील, हे सगळं मोजलं जातं. दीड बिघ्यात मोकळी जागा सोडून उरेल तेवढंच तुमचं, हे हिशेब करताना विसरू नका.

तिसरी गोष्ट प्रदूषण नियंत्रण मंडळाची. तुमच्यासाठी खरा पेच इथं आहे.

मंडळ धंद्याचं नाव बघत नाही, आत काय घडतं ते बघतं. केंद्रीय मंडळाने 2016 मध्ये उद्योगांना गुण देऊन चार रंगांत वाटलं. पाणी, हवा आणि घातक कचरा यांवरून 100 पैकी गुण: 60 आणि वर तांबडा, 41 ते 59 नारिंगी, 21 ते 40 हिरवा, 20 पर्यंत पांढरा. 2025 मध्ये ही वर्गवारी सुधारली, गुणांच्या रेषा हलल्या, निळा हा नवा रंगही आला. त्यामुळे अर्ज करताना ताजी यादीच उघडा. पण तत्त्व तेच आहे, आणि 2016 च्या यादीत ते तुमच्याच धंद्यावर बोट ठेवून दाखवता येतं. नुसतं कोरडं फॅब्रिकेशन, म्हणजे कापणं, वाकवणं, वेल्डिंग, रंग नाही, उष्णोपचार नाही: पांढरा. त्याच शेडमध्ये स्प्रे पेंटिंग आणि भट्टी आली: नारिंगी. त्याच शेडमध्ये अ‍ॅसिडमध्ये गंज काढणं आणि फॉस्फेटिंग, म्हणजे पत्र्यावर फॉस्फेटचा थर चढवणं, आलं: तांबडा. छप्पर तेच, मालक तोच, बोर्डवरचं नाव तेच. मध्ये फक्त टाक्या आल्या.

पावडर कोटिंग म्हणताना माणसाच्या डोळ्यांसमोर बंदूक आणि ओव्हन येतो. कोरडी पावडर उडवायची, 180 ते 200 अंशांवर भाजायची, झालं. पण पावडर गंजक्या, तेलकट पत्र्यावर धरत नाही. म्हणून आधी सात टाक्या. पहिल्या टाकीत गरम अल्कलीने ग्रीस काढायचं, मग पाण्यात बुचकळायचं, मग अ‍ॅसिडमध्ये गंज काढायचा, पुन्हा पाणी, मग फॉस्फेट, पुन्हा पाणी आणि शेवटी पॅसिव्हेशन, म्हणजे तो थर पक्का करणारं द्रावण. ओव्हनमधून फारसं काही बाहेर पडत नाही. सगळा प्रश्न त्या धुण्याच्या पाण्याचा आणि टाक्यांच्या तळाला साठणाऱ्या गाळाचा. तुमच्या प्रश्नात 'पुढे पावडर कोटिंगही' हे अर्ध्या ओळीत आलंय. सगळं घोडं तिथंच अडणार आहे.

हे मी एवढं अडून का सांगतोय, तर माझ्या सख्ख्या मामेभावाचं हेच झालं, आणि त्यात चूक माझी होती. त्याने शहराबाहेर जागा घेतली तेव्हा कागद मीच पाहिले. सातबारा, आठ-अ, हक्कपत्रक, एन.ए.चा हुकूम, सगळं स्वच्छ. हुकमात हेतूही औद्योगिक. झोन सर्टिफिकेट मागवायला हवं होतं. मी नकाशावर अंदाजाने बोट ठेवलं आणि म्हणालो, घे. जागा शेती झोनच्या काठावर होती, आतल्या बाजूला. तीन वर्षं वेल्डिंग सुरळीत चाललं, कुणी विचारलं नाही. मग त्याला गेट आणि रॅकची मोठी ऑर्डर मिळाली, रंगासकट. त्याने मागच्या बाजूला सात टाक्या बसवल्या. धुण्याचं पाणी एका खड्ड्यात सोडलं, वर फरशी टाकली.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या शेतातले काका मला बोलवायला आले. माझा भाऊ फोन उचलत नव्हता. एरंडीच्या ओळी होत्या, आणि कुंपणाला लागून असलेल्या तीन-चार ओळींची पानं कडेने करपून आत वळली होती. त्यांनी विहिरीची मोटर लावली. पाटातून पाणी आलं ते पहिल्यांदा स्वच्छच वाटलं, मग त्यांनी ते स्टीलच्या पेल्यात घेऊन उन्हात धरलं तेव्हा पिवळसर झाक दिसली. वास नव्हता. काका ओरडले नाहीत. म्हणाले, 'साहेब, गुरं हे पाणी पीत नाहीत, मी काय करू?' मला त्या पेल्याकडे बघवेना. मी त्या जागेच्या कागदांवर 'ठीक आहे' म्हणून पेन्सिलीने खूण केलेली होती.

नंतर मंडळाचे लोक आले, नमुने नेले आणि बंदचा आदेश निघाला. पाण्याच्या 1974 च्या कायद्यात 1988 साली कलम 33-अ घातलं गेलं. त्याखाली मंडळ कारखाना बंद करायला आणि वीज तोडायला सांगू शकतं. वीज गेली तसं वेल्डिंगही थांबलं, म्हणजे जे काम पांढऱ्या रंगात बसत होतं तेही गेलं. आणि नियमित करून घ्यायला वाट नव्हती, कारण झोनच चुकीचा. परवानगी कोण देणार? टाक्या भंगारात गेल्या. मामेभाऊ आता मकरपुऱ्यात भाड्याच्या शेडमध्ये आहे, बरं चाललंय. पण त्या विहिरीचं मी अजून विचारतो, आणि काका अजून गुरांसाठी पाणी दुसरीकडून आणतात.

तुम्ही म्हणाल, मग वाडीत, रावपुऱ्याच्या मागे, जुन्या वस्तीत इतकी वर्षं वर्कशॉप चालतात ती कशी? तिथं पहिल्यापासून चालत आलेला वापर असतो. नवा आराखडा आला म्हणून तो सहसा एका रात्रीत हाकलत नाहीत. आहे तसा चालू द्यायचा, पण वाढवायचा नाही, वापर बदलायचा नाही, हा साधारण दंडक. मोठं उदाहरण हवं तर अलेम्बिक ही औषध कंपनी घ्या. 1907 साली उभी राहिली तेव्हा गोरव्याकडे शहर नव्हतं. शहर चालत तिच्यापर्यंत आलं. त्यामुळे 'अमका करतो मग मी का नाही' हा युक्तिवाद टेबलावर टिकत नाही. अमका तुमच्या आधी आलेला असतो.

'झोन बदलून देतो' म्हणणाऱ्याच्या तर सावलीलाही उभे राहू नका. आराखड्यात फेरफार राज्य सरकार करू शकतं, पण ती जाहीर नोटीस, हरकती आणि सूचना यांची लांबलचक वाट आहे, दलालाच्या खिशात ती नसते. मात्र कायद्याप्रमाणे दहा वर्षांत एकदा तरी आराखडा नव्याने बघायचा असतो. म्हणून आजचा झोन बघताना नवा मसुदा जाहीर झालाय का, तेही विचारा.

जागा टी.पी. स्कीममध्ये, म्हणजे नगररचना योजनेत असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. ही पद्धत मुंबईच्या 1915 च्या नगररचना कायद्यापासून चालत आली आणि गुजरातने ती मनापासून जपली. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते, बागा आणि सार्वजनिक जागा काढायच्या आणि उरलेलं परत वाटायचं. 40 टक्क्यांपर्यंत कपात इथं नेहमीची आहे. तुम्ही ओ.पी. म्हणजे मूळ प्लॉट बघून आलात, पण हातात एफ.पी. म्हणजे अंतिम प्लॉट येणार, आणि तो त्याच ठिकाणी असेलच असं नाही. दीड बिघ्याचा भाव देऊन एका बिघ्याहून कमी पदरात पडू नये.

माझं मत विचाराल तर दोन कामं दोन ठिकाणी ठेवा. फॅब्रिकेशन कोरडं ठेवा आणि कोटिंग जॉबवर्कला द्या. जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, परवानगी असलेले कोटिंगवाले आहेत, टेम्पोने माल जातो आणि दोन दिवसांत परत येतो. किलोमागे थोडे पैसे जास्त जातात, पण झोप लागते. गंज काढायला अ‍ॅसिडऐवजी शॉट ब्लास्टिंगही, म्हणजे जोरात बारीक छर्रे मारणं, करता येतं. पाणी लागत नाही, पण धूळ आणि आवाज येतो, तेव्हा तेही मंडळाला सांगूनच. आणि टाक्या स्वतःच्याच हव्या असतील तर सुटी जमीन सोडा आणि वसाहतीतच प्लॉट किंवा शेड बघा, जिथं सांडपाण्याची सोय आधीपासून आहे. नंदेसरीत सामायिक शुद्धीकरण केंद्र आहे. बडोद्याच्या रासायनिक पट्ट्याचं शुद्ध केलेलं पाणी 1983 पासून सुमारे 55 किलोमीटरच्या बंद नाल्यातून जंबुसरकडे महीच्या मुखाशी नेऊन सोडतात. एवढा खटाटोप करावा लागला यावरूनच कळतं की हे पाणी शेजारच्या शेतात मुरवण्यासारखं नसतं.

आता करायचं काय ते सांगतो. सर्वे नंबर आणि ताजा सातबारा घेऊन वुडाच्या कारेलीबागच्या ऑफिसात जा आणि दोन कागद मागा: झोन सर्टिफिकेट आणि पार्ट प्लॅन. पार्ट प्लॅनवर तुमचा सर्वे नंबर रंगासकट दिसतो, आरक्षण किंवा नियोजित रस्ता जात असेल तर तोही. तुम्ही स्वतः गुजरातेत शेतकरी खातेदार नसाल तर बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेऊ न देणारं कुळकायद्याचं कलम 63 आड येईल का, हे वकिलाला आधी विचारा. बानाखतात, म्हणजे आपल्या साठेखतात, एक ओळ घालायला लावा: झोन औद्योगिक नसल्याचं निघालं तर बयाणा पूर्ण परत. विकणारा त्या ओळीला का-कू करू लागला तर तुम्हाला उत्तर तिथंच मिळालं.

सर्टिफिकेट हातात आलं की झोनचं नाव आणि समोरच्या रस्त्याची रुंदी इथं लिहा, सर्वे नंबर लिहू नका. टाक्या बसवायच्या की नाहीत ते मग बोलू.