लहान मुलांना ग्रीक तत्त्वज्ञ शिकवायला सुरुवात कुठून करावी?

मुलं सात-आठ वर्षांची असतील, तर नावं आणि सनावळी शेवटी ठेवा. आधी कोडं मुलांच्या हातात द्या. त्यात ती पुरती गुंतली, की मग सांगा की हाच प्रश्न ग्रीसमधल्या माणसांनाही पडला होता.

मी ग्रीक पुराणकथांतला वीर थीसियस याच्या गलबतापासून सुरुवात सुचवेन. अथेन्सच्या लोकांनी ते जपलं होतं. कुजलेली फळी काढायची, नवी बसवायची. दहा लाल ठोकळ्यांची होडी करा. एक लाल काढून त्या जागी निळा लावा आणि दर वेळी एवढंच विचारा, "ही तीच होडी का?" सगळे बदलून झाले की काढलेल्या लाल ठोकळ्यांची दुसरी होडी बांधा. आता खरी कोणती? (ही दुसरी होडी म्हणजे सतराव्या शतकातल्या इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जची भर, पण मुलांना तीच जास्त झोंबते.)

बिघडतं ते इथेच. मोठ्यांना राहवत नाही आणि ते उत्तर सांगून टाकतात. मग मुलं विचार सोडून तुमचा चेहरा वाचू लागतात. "का?" विचारा आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प बसा.

थेलीस या सुरुवातीच्या ग्रीक तत्त्वज्ञासाठी ऊन हवं. एक मीटरची काठी सपाट जमिनीवर ओळंब्यात उभी करा, दर दहा मिनिटांनी सावली मोजा. ती बरोबर एक मीटर भरली, की त्या क्षणी खांबाची सावली म्हणजेच खांबाची उंची. थेलीसने पिरॅमिड असाच मोजला, असं सांगतात. मात्र पिरॅमिडची सावली मधोमध सुरू होते, म्हणून ऊन एका बाजूवर सरळ पडत असेल तर पायाची अर्धी लांबी मिळवावी लागते. दोन पुठ्ठ्यांवर हे करून दाखवा, नाहीतर मुलं ते नुसतं पाठ करतात.

सॉक्रेटिसला तिसऱ्या आठवड्यात आणा. "शूर कोण?" "जो घाबरत नाही तो." "मग विस्तवाकडे रांगत जाणारं बाळ शूर का?" धोका न कळणाऱ्या मुलांचा हा मुद्दा सॉक्रेटिसचा शिष्य प्लेटो याने लिहिलेल्या संवादातच आहे, आणि तो संवाद उत्तर न मिळताच संपतो. मुलांना हेही सांगा.

सॉक्रेटिसचं पुढे काय झालं, हे मुलं विचारतातच. लपवू नका: इ.स.पू. 399 मध्ये अथेन्सच्या न्यायालयाने त्याला विष प्यायची शिक्षा दिली. विषाच्या वर्णनात शिरू नका, आरोप सांगा: शहराचे देव मानत नाही, तरुणांना बिघडवतो. मग विचारा, "तुम्ही त्या न्यायालयात असता तर मत कुणाला दिलं असतं?"