नाव काय लिहू?

मी समुपदेशक आहे, आणि गेल्या दोनतीन वर्षांत एक प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा आलाय की आता समोरचं माणूस बोलायला लागलं की पुढचं वाक्य मला आधीच कळतं. "मॅडम, आमचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, तिथे सगळे मला खूप मानतात, आता प्रत्यक्ष भेटायचं ठरतंय आणि मला जायचंच नाहीये. मला बघून त्यांचा अपेक्षाभंग होईल." कुणाचं वजन जास्त असतं, कुणी वय सांगितलेलं नसतं, एक गृहस्थ होते ते उत्तम इंग्रजी लिहायचे पण बोलताना त्यांची जीभ वळायची नाही. कारणं वेगळी, पण भीती तीच, की मी तिकडे जो आहे तो इकडे नाहीये आणि हे आता उघडं पडणार. म्हणून एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांना विचारून लिहितेय, घरचे आणि नोकरीचे तपशील बदललेत. गोष्टीतला 'प' मात्र खरा आहे, तो तसाच ठेवा असं त्यांनीच सांगितलं.

चाळिशीच्या आसपासच्या, पार्ल्याला राहणाऱ्या, एका कंपनीत अकाउंट्सला. टेलिग्रामवर त्यांचा मराठी वाचणाऱ्यांचा गट होता, साठेक माणसं, चार वर्षं रोजची ऊठबस आणि एकानेही दुसऱ्याला पाहिलेलं नाही, सगळे टोपणनावाने. ह्यांचं टोपणनाव 'मधली सुट्टी', कारण त्या ऑफिसच्या लंच टाइममध्ये लिहायच्या. गटात त्यांचा दबदबा होता. पुस्तकावर त्यांनी लिहिलं की लोक ते जपून ठेवायचे. आणि मग गटाच्या लाडक्या एका लेखिकेचा दादरला कार्यक्रम ठरला, छोट्याशा हॉलमध्ये गप्पा आणि नंतर पुस्तकांवर सह्या, आणि गटाने लगेच जाहीर करून टाकलं की कार्यक्रमाच्या दिवशी, शनिवारी साडेचारला शिवाजी मंदिरच्या दारात जमायचं, तिथून सगळे मिळून जायचं.

हे एवढं सांगायला त्यांना बराच वेळ लागला. कारण त्या बोलताना अडखळतात, लहानपणापासून. 'प' आला की ओठ मिटतात आणि उघडतच नाहीत, मान जराशी खाली जाते, डोळे मिटतात. आणि त्यांचं स्वतःचं नाव 'प' वरून.

इथे एक गोष्ट सांगून टाकते कारण ती फार थोड्यांना माहीत असते. अडखळणाऱ्या बहुतेकांना सगळ्यात अवघड जातं ते स्वतःचं नाव. एरवी एखादा शब्द अडला की दुसरा घेता येतो, नावाला दुसरा शब्दच नाही ना! आणि बघणाऱ्याला वाटतं, अरे हिला स्वतःचं नाव आठवत नाही की काय. दुसरं म्हणजे हे घाबरटपणामुळे होत नाही, आईवडिलांनी लाडावलं किंवा रागावलं म्हणूनही होत नाही. बहुतेकांना ते दोन ते पाच ह्या वयात सुरू होतं, पुष्कळ मुलांचं आपोआप जातं, काहींचं राहतं, मोठ्या माणसांत साधारण शंभरात एकाचं असतं. भीतीने ते वाढतं हे खरं, पण भीती हे त्याचं मूळ नाही. आणि ज्यांना बोलण्यावर काम करायचंय त्यांनी स्पीच थेरपिस्टकडे जावं, आपल्याकडे मुंबईत बांद्रा रेक्लमेशनला बोलण्याच्या आणि ऐकण्याच्या अडचणींवर काम करणारी अली यावर जंग संस्था 1983 पासून आहे. ते माझं क्षेत्र नाही. ताईंनी तरुणपणी ते सगळं केलेलं होतं, थोडा फरकही पडला होता. माझ्याकडे त्या बोलणं सुधारायला आल्याच नव्हत्या, त्या आल्या होत्या शनिवारी न जाण्यासाठी एक चांगलं कारण शोधायला. तसं त्यांनी म्हटलंही.

पहिली दोन सेशन्स मी नेहमीच्या वाटेने गेले. मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी आहे, म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमाराला मांडलेली आणि आपल्याकडे मराठीत रुजवली ती कि. मो. फडके यांनी. त्यात साधारण असं की घटना आपल्याला जेवढा त्रास देते त्याहून जास्त त्रास देतं आपण तिच्याबद्दल स्वतःशी जे बोलतो ते. मी विचारलं, "समजा अडखळलात त्यांच्यासमोर, तर काय होईल?" "हसतील." "सगळे?" "नाही, सगळे नाही हसणार. कीव करतील. ते जास्त वाईट." मग "सगळ्यांना मी आवडलेच पाहिजे" ह्या हट्टाबद्दल आम्ही बोललो, त्या मान डोलवत राहिल्या, पण ते आत काही शिरत नव्हतं हे मला दिसत होतं. हुशार माणसांचं असं होतं, त्यांना मुद्दा पटतो आणि पटण्यावरच तो संपतो.

तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "मॅडम, मला ते हसतील ह्याचं नाही हो एवढं. मी त्यांना फसवलंय ह्याचं आहे. ती जी लिहिते ना, मधली सुट्टी, ती कधी थांबत नाही. ती मी नाहीये."

मी म्हटलं, फोन काढा, तुमचं काहीही लिहिलेलं वाचून दाखवा.

त्यांनी एका कथेवर लिहिलेला मेसेज वाचायला घेतला, तिसऱ्या ओळीत अडल्या आणि वाचता वाचताच शब्द बदलला. स्क्रीनवर 'पाऊस' होता, त्या म्हणाल्या 'सर', म्हणजे पावसाची सर. इतकं सफाईदार की समोर मेसेज नसता तर मला कळलंही नसतं. मी विचारलं, असं नेहमी करता का? तर म्हणाल्या, हो, सगळेच करतात ना आमच्यासारखे. आणि मग जवळजवळ अर्धा तास त्या सांगत राहिल्या. पाववाल्याकडे 'पाव द्या' कधी म्हटलंच नाही, 'एक लादी द्या' म्हणायच्या. वडिलांना 'पप्पा' म्हणायची घरात पद्धत, दोघं भाऊ म्हणायचे, ह्या एकट्या 'अण्णा' म्हणायच्या आणि लोकांना वाटायचं किती गोड. तिकीट खिडकीवर 'पार्ले' म्हणावं लागू नये म्हणून कॉलेजची दोन वर्षं दादरहून अंधेरीचं तिकीट काढलं, जास्तीचे पैसे देऊन. "प्रत्येक शब्दाला माझ्याकडे तीन शब्द तयार असतात मॅडम. ठेवावेच लागतात. एक अडला तर दुसरा, दुसरा अडला तर तिसरा. लहान असताना मी डिक्शनरी घेऊन बसायची, म्हणजे अभ्यास म्हणून नाही, सुटायला."

मी विचारलं, "गटातल्या लोकांना तुमच्या लिहिण्यात काय आवडतं म्हणतात?"

त्या बोलायला लागल्या, "ते म्हणतात तुझ्याकडे शब्द..." आणि थांबल्या. हे अडखळणं नव्हतं, मान खाली गेली नव्हती, डोळे उघडे होते. माझ्या खोलीत घड्याळ नाही, खाली रस्त्यावर बस थांबल्याचा आणि सुटल्याचा आवाज आला तेवढाच. मी काहीच बोलले नाही. इतक्या वर्षांच्या कामातून मला एक आलं असेल तर ते हे, की अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडू नये, ते वाक्य त्या माणसाचं असतं.

"म्हणजे ती मीच आहे," त्या म्हणाल्या. "ती अडखळते म्हणूनच तशी लिहिते."

मी नुसती मान हलवली.

"पण हे वरदान बिरदान म्हणू नका हं. फार त्रास काढलाय मी."

नाही म्हटलं. आणि खरंच ते वरदान नाहीये, त्या दोन वर्षांच्या जास्तीच्या तिकिटांचे पैसे कोण परत देणार आहे. पण मला त्या दिवशी एक गोष्ट लख्ख दिसली जी पुस्तकात वाचून दिसली नसती. ऑनलाइन एक आणि प्रत्यक्षात एक अशी दोन माणसं आपण मानतो आणि त्यांची तुलना करत बसतो, तिथेच चुकतं. लिहिणारं माणूस ह्याच बोलणाऱ्या माणसातून आलेलं असतं, त्याच्या अडचणींतून, त्याच्या वजनातून, वयातून, एकटेपणातून. जो माणूस जाड आहे म्हणून कोपऱ्यात बसून सगळ्यांचं ऐकत राहिला त्याच्याच लिहिण्यात माणसं इतकी जिवंत येतात. तेव्हा मित्रांनो, तुम्ही गटाला फसवत नाही आहात, तुम्ही त्यांना अर्धं सांगितलंय, उरलेलं अर्धं सांगायचं राहिलंय एवढंच.

पण पटणं वेगळं आणि पाय उचलणं वेगळं, म्हणून पुढचे पंधरा दिवस आम्ही काम केलं. मी त्यांना एलिस यांची स्वतःची गोष्ट सांगितली. हा माणूस तरुणपणी मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचा. एकोणीस वर्षांचा असताना न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन महिनाभर बाकावर बसलेल्या बायकांशी बोलायचंच असं त्यांनी ठरवलं. 130 जणींजवळ जाऊन बसले, 30 उठून गेल्या, 100 जणींशी बोलणं झालं, एकीने भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. हिशोबाने बघितलं तर पूर्ण अपयश, पण कुणी ओरडलं नाही, कुणी पोलीस बोलावले नाहीत, आणि भीती गेली. ताई ऐकून म्हणाल्या, "मी बाकावर बसणार नाही. पण लादी बंद करते." आणि खरंच रोज सकाळी जाऊन 'पाव द्या' म्हणायला लागल्या, अडकत, मागे लोक उभे असताना. चौथ्या दिवशी पाववाला त्यांना बघून पाव काढून ठेवायला लागला तर त्याला म्हणाल्या, थांबा, मला म्हणू द्या.

मी आणखी एकच सुचवलं, जे मी सगळ्यांनाच सुचवते. जी गोष्ट लपवताय ती भेटीच्या आधी गटातल्या निदान एकाला सांगून टाका. लपवण्यात जेवढी ताकद जाते तेवढी अडखळण्यात जात नाही. त्यांनी एकाला न सांगता सगळ्यांनाच सांगितलं, दोन ओळींत: "शनिवारी भेटूच. मी बोलताना अडखळते, वेळ लागतो, वाक्य माझं मला पूर्ण करू द्या."

राहिला सहीचा प्रश्न. रांगेत पुढे गेलं की लेखिका विचारणारच, नाव काय लिहू? ताई म्हणाल्या, "मी 'मधली सुट्टी' सांगू का? 'म' मला जमतो." मी म्हटलं, जे सांगावंसं वाटेल ते सांगा, फक्त सुटण्यासाठी सांगताय की आवडतं म्हणून, एवढं स्वतःला विचारून घ्या.

शनिवारी काय झालं ते त्यांनी नंतर सांगितलं. अकरा जण आले होते. पहिली वीस मिनिटं कुणालाच काही सुचेना, नुसतं "तू म्हणजे तो होय?" असं चाललेलं. हे होतंच, घाबरून जाऊ नका, लिहिताना आपल्याला विचार करायला वेळ असतो आणि तोंडाने बोलताना तो नसतो, सगळ्यांचंच थोडंफार अडखळतं. आणि पहिल्या भेटीनंतर घरी जाऊन "त्यांना मी आवडले नसणार" असं वाटलं तर त्यावरही फार विश्वास ठेवू नका. 2018 मध्ये मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांचा ह्यावर अभ्यास आला होता, पहिल्यांदा बोलून उठलेल्या माणसांना समोरच्याला आपण जेवढे आवडलो असं वाटतं त्यापेक्षा आपण त्याला प्रत्यक्षात जास्त आवडलेले असतो.

सगळं गोडगोड झालं असं नाही. एका गृहस्थांनी मेसेज वाचूनही ताईंचं वाक्य मध्येच पूर्ण केलं, आणि चुकीचं पूर्ण केलं. ताईंना राग आला, त्यांनी नंतर बाजूला घेऊन सांगितलं, असं करू नका. ते ओशाळले. तुमच्या ओळखीत कुणी अडखळत असेल तर कृपा करून शब्द पुरवू नका, 'हळू बोल', 'श्वास घे' असलंही सांगू नका. नेहमीसारखं त्यांच्याकडे बघत थांबा, बस.

सह्या झाल्यावर सगळे जेवायला, म्हणजे खायलाच, गेले तिथे ताईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः तोंडाने पियूष मागवलं. दादरला राहणाऱ्या मावशीकडे लहानपणापासून येणं, पियूष जीव की प्राण, आणि दरवेळी कुणी दुसऱ्याने मागवलं तरच प्यायलेलं, नाहीतर आपली कॉफी. वेटर दोन टेबलांच्या मध्ये ताटकळत उभा राहिला म्हणे.

पुढच्या भेटीत त्यांनी पिशवीतून ते पुस्तक काढलं. पहिलं पान उघडून माझ्यासमोर सरकवलं. निळ्या शाईत त्यांचं नाव होतं, टोपणनाव नाही, खरं. सुरुवातीचा 'प' जरा मोठा, मग त्याच्या पायाशी शाईचा एक ठिपका पसरलेला, मागच्या पानापर्यंत उमटलेला, आणि मग पुढची अक्षरं. मला वाटलं पेन गळलं असेल.

"नाही मॅडम," त्या म्हणाल्या. "'प' एवढाच निघाला आणि मी अडकले. त्यांनी 'प' लिहिला आणि पेन तिथेच टेकवून थांबल्या. माझ्याकडे बघत. मागे रांग होती, तरी थांबल्या."

आणि मग मला पूर्ण नाव वाचून दाखवलं, बोट ठेवून, त्या ठिपक्यापाशी जेवढा वेळ लागायचा तेवढा घेऊन.