पेट्रोल गाडी मिसिंग करतेय, मेकॅनिक म्हणतो चारही कॉइल बदला. बदलू का?

आज तरी बदलू नका. कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारा भाग, आणि मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं. सिग्नलला गाडी थरथरते, चढाला पिकअप जातो, इंजिनचा दिवा लागतो आणि गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून चारही कॉइलचा खर्च सांगितला, एवढं तुम्ही लिहिलंय. स्कॅनरवर दोषाचा कोड कोणता आला ते मात्र लिहिलं नाही, आणि सगळं घोडं तिथंच अडलंय. पी ०३०१ ते पी ०३०४ यांतला शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर. पी ०३०२ आला तर दोन नंबरचा सिलिंडर नीट पेटत नाही एवढंच कळतं. का पेटत नाही, हे स्कॅनर सांगत नाही, ते माणसाने शोधायचं असतं.

तुमचं शेवटचं वाक्य, ‘चारही एकदम बदलल्या की कटकट मिटेल ना?’, वाचून मी हे लिहायला बसले. आमचे दाजी हेच म्हणायचे. ताईकडची गाडी कात्रजच्या चढाला चार माणसं बसली की धक्के द्यायची. दाजींनी ती एका सर्व्हिस सेंटरला टाकली, तिथे चारही कॉइल बदलल्या, बिल झालं. पहिला जोराचा पाऊस पडला आणि गाडी पुन्हा तशीच. मी म्हटलं, आमच्या पार्किंगमध्ये आणा, मी बघते. माझं बालपण वडिलांच्या गॅरेजमध्ये गेलंय, प्लग पाना हातात धरायला मला कोणी शिकवावं लागलं नाही. दाजी म्हणाले, ‘तुम्हा पुणेकरांना पैसे सोडवत नाहीत, म्हणून हे उद्योग.’

स्कॅनर लावला तर पी ०३०२. इंजिन गार असताना दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर टाकली, कोड पुसला, गाडी गरम होईपर्यंत फिरवली. कोड पुन्हा ०३०२ च. म्हणजे कॉइल निर्दोष, कारण ती खराब असती तर कोड तिच्यामागे तीनवर गेला असता. मग त्याच दोन सिलिंडरचे प्लग, म्हणजे आत ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग, अदलाबदल केले. आता आला पी ०३०३. चोर प्लग निघाला.

तो प्लग उजेडात धरला, तर पांढऱ्या चिनीमातीवर वरपासून खालच्या लोखंडापर्यंत पेन्सिलीने ओढावी तशी बारीक काळी रेघ. ठिणगी टोकाला न पडता त्या रेघेवरून बाहेरून पळत होती. प्लग बसतो त्या खोल भोकात, म्हणजे विहिरीत, ऑइलही साचलेलं, कारण टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग गळत होतं. आणि नव्याकोऱ्या कॉइलच्या रबरी टोपीत आतून तशीच रेघ उमटायला लागली होती. प्लग गाडीबरोबर आलेले, साधे निकेलचे, गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती टोकाची फट, भलताच वाढलेला. कॉइल बदलताना ते बाहेर काढून बघायचे कष्टही कोणी घेतले नव्हते.

गॅप वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्याचा ताण कॉइलवर येतो आणि शेवटी कॉइल जाते. चढाला सिलिंडरमधला दाब वाढतो, तेव्हा अजून जास्त लागतं, म्हणून सपाटीला बरी चालणारी गाडी घाटात मिसिंग करते. जुन्या प्लगवर नवी कॉइल बसवणं म्हणजे पुढच्या कॉइलची सोय करून ठेवणं. सीएनजी असेल तर हे आणखी लवकर जाणवतं. गॅसवर मिसिंग आणि पेट्रोलवर ठीक, असं असेल तर आधी प्लगच काढून बघा.

मी नवे प्लग, पॅकिंग आणि त्या एका कॉइलची टोपी बदलली, विहीर पुसून कोरडी केली. धक्के थांबले. दाजी अजूनही सांगतात की गुण नव्या कॉइलचाच, माझा हात नंतर लागला. त्यांना माझं उत्तर तेच आहे जे तुम्हाला देतेय: शोधून बदलणं हा चिकटपणा नाही. न शोधता बदललं तर दोष गाडीतच राहतो आणि पैसेही जातात.

प्लग पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअरपार्टच्या बाजारातून घेणार असाल तर ओळखीच्या दुकानातून आणि बिलावर घ्या, नकली फार आहेत. इरिडियमच्या प्लगचं टोक गॅप करायला म्हणून ठोकू नका. गाडी धुताना इंजिनवर प्रेशरचं पाणी मारू देऊ नका.

हे आधी लिहायला हवं होतं: दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा सायलेन्सरच्या नळीतला भाग) जाऊन तो जळतो. वॉरंटी चालू असेल तर स्वतः काही उघडू नका. कॉइल आणि प्लग दोन्ही फिरवूनही कोड जागचा हलला नाही तर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघावं लागेल, ते घरी होत नाही. आणि कॉइल कधीकधी तापल्यावरच दगा देते, तेव्हा गार इंजिनवर पाच मिनिटं बघून निकाल लावू नका. पी ०३०० आला, म्हणजे एकच सिलिंडर धरता येत नसेल, तर ही अदलाबदल उपयोगाची नाही, हवेची गळती आणि पेट्रोलचा दाब तपासायला सांगा.

एवढं करूनही गॅरेजवाल्याने चारही बदलल्याच, तर जुन्या चार पिशवीत घालून मागा. दाजींनी त्या मागितल्या नाहीत, यावरून माझं त्यांच्याशी आजही वाजतं. त्यातल्या बहुतेक चांगल्या असतात, डिकीत एक ठेवली तरी पुढे कधी रस्त्यात उपयोगी पडेल.