दोन पाटील, एकच वॉर्ड

प्रश्न : आमच्याकडे वर्षभरापासून केसपेपर संगणकावर आहे. तरीही मागच्या महिन्यात एकाच नावाच्या दोन पाटलांपैकी एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला दिलं जाता जाता राहिलं. संगणकाने अडवलं कसं नाही?
– एक परिचारिका, जळगाव जिल्हा

उत्तर : संगणकाला अडवायची संधीच मिळाली नसणार. खान्देशात नावावर ओळख पटवणं धोक्याचंच. जन्मतारखेचाही भरवसा नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावून दिलेली १ जून कित्येक ज्येष्ठांच्या कागदांवर आहे. म्हणून पूर्ण नावासोबत रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक हवाच, आणि तो बारकोडसह मनगटाच्या पट्ट्यावर. आभा म्हणजे आयुष्मान भारत आरोग्य खात्याचा १४ अंकी क्रमांक जुने रिपोर्ट जोडायला उपयोगी. पण तो ऐच्छिक आहे, प्रत्येकाकडे असेलच असं नाही.

चूक बहुधा इथे होते : पट्टा भिजतो, स्कॅन होत नाही, मग सोय म्हणून बारकोडची जादा प्रत फाइलवर किंवा खाटेला चिकटवली जाते. मग स्कॅन होते ती खाट, माणूस नाही. जादा प्रती फाडा, पट्टा नवा छापा. "तुम्ही पाटील आप्पा ना?" असं विचारू नका, ग्लानीतला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमनं नाव काय शे?" विचारा आणि त्यालाच सांगू द्या. सॉफ्टवेअरवाल्याकडून दोन गोष्टी करून घ्या : एका वेळी एकाच रुग्णाची नोंद उघडावी, आणि वॉर्डात नामसाधर्म्य असेल तर नावापुढे लाल खूण यावी.

ॲलर्जीचंही तपासा. "पेनिसिलिन चालत नाही" असं शेऱ्यात टाइप केलं, तर बहुतेक प्रणाली इशारा देत नाहीत. यादीतूनच निवडावं लागतं. रकाना रिकामा ठेवू नका. "ॲलर्जी नाही" आणि "विचारलं नाही" यांत फार अंतर आहे.

मुलांचं वजन किलोत, तारखेसह भरा. १० किलोच्या मुलाला पॅरासिटामॉल १५ मिग्रॅ प्रतिकिलोने १५० मिग्रॅ होतं. ते ५ मिलीत १२० मिग्रॅच्या बाटलीतून ६.२५ मिली, तर २५० मिग्रॅच्या बाटलीतून ३ मिली. ऑर्डरमध्ये नुसतं "६ मिली" लिहिलं आणि बाटली बदलली, की डोस दुप्पट! ऑर्डर मिग्रॅमध्ये हवी, शेजारी बाटलीची ताकद आणि मिली.

इशारे मात्र मोजकेच ठेवा. ऊठसूट चौकट आली की डॉक्टर न वाचताच "ओके" दाबतात. खरी अडवणूक ॲलर्जी, सांधेदुखीवर आठवड्यातून एकदाच द्यायचं मेथोट्रेक्सेट रोज लिहिलं जाणं, अशा जीवावरच्या चुकांपुरती.

प्रश्न : वीज गेली, सर्व्हर बंद पडला तर?
– एक वाचक, शहादा

उत्तर : प्रत्येक वॉर्डाचा औषधतक्ता दर चार तासांनी छापून ठेवा, यूपीएस असला तरी. बंद काळात दिलेलं औषध त्याच कागदावर, वेळ आणि सहीसह. प्रणाली सुरू झाल्यावर पुढचा डोस देण्याआधी ते चढवा. नाहीतर पडद्यावर डोस राहिलेला दिसतो आणि पुढच्या पाळीची सिस्टर तो पुन्हा देते. वेळ औषध दिल्याची टाका, टायपिंगची नको.