बॅटरीला दोष देण्याआधी मीटर लावा

प्रश्न : माझी ई-सायकल दोन वर्षं पंचवीस किलोमीटर चालायची, या उन्हाळ्यात तेरा-चौदावर आली. बॅटरी ३६ व्होल्ट, ७.५ अँपिअर-अवरची. चार्जिंग वावरातल्या टिनाच्या खोलीत करतो. मिस्त्री म्हणतो, बॅटरी गेली, नवी घ्या. (वाचक, दर्यापूर तालुका)

उत्तर : गेली असेलही, पण पैसे टाकण्याआधी मल्टीमीटर लावा. अशा बॅटरीत बहुधा सेलचे दहा गट एकापुढे एक जोडलेले असतात. एक गट ४.२ व्होल्टला भरतो, म्हणून पूर्ण बॅटरी ४२ व्होल्ट. चार्जर काढून तासाभराने मोजा. ४१.५ च्या आसपास आकडा आला तर चार्जिंग नीट होतंय. ४० च्या खाली आला तर एखादा गट मागे पडलाय किंवा चार्जरच कमी देतोय. नुसत्या चार्जरच्या पिनवरही ४२ दिसायला हवेत.

मग भरल्या बॅटरीने एखाद्या चढावर पूर्ण थ्रॉटल (हँडलवरचा अ‍ॅक्सिलरेटर) द्या आणि डिस्प्लेवरचे व्होल्ट बघा. दोन-अडीचने उतरणं चालतं. ४१ वरून थेट ३५ वर आदळले तर सेल थकलेत, नाही तर मधला सांधा सैल आहे. लगेच उतरून बॅटरीचा कनेक्टर चाचपा. तो गरम लागला, प्लास्टिक तपकिरी पडलेलं दिसलं, तर चोर तिथेच आहे. चाकातली हवा आणि रिमला घासणारा ब्रेक हेही बघून घ्या. त्यांच्यापायी बॅटरीची नाहक बदनामी होते.

३६ गुणिले ७.५ म्हणजे २७० वॉट-अवर. पेडल न मारता किलोमीटरला साधारण १० ते १२ जातात, म्हणजे तुमचे पंचवीस किलोमीटर बरोबरच होते.

टिनाची खोली मात्र आजच सोडा. ४५ अंशांच्या वर लिथियम सेल चार्ज करू नयेत, आणि मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा तिथवर जातो. वावरातून आल्या आल्या चार्जर लावू नका. रात्रभर गार झालेली बॅटरी पहाटे, लाइन असेल तेव्हा, जागेपणी लावा. २ अँपिअरचा चार्जर रिकामी बॅटरी चार-पाच तासांत भरतो. मातीच्या भिंतीची खोली, खाली फरशी, जवळपास कुटार नाही की कापूस नाही.

आणि शेजाऱ्याचा चार्जर मागून आणू नका. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीच्या बॅटरीवरही ३६ व्होल्टच लिहिलेलं असतं, पण तिच्यात बारा गट आणि चार्जर ४३.८ व्होल्टचा. तो तुमच्या दहा गटांवर लावला तर प्रत्येकी ४.३८ व्होल्ट. बीएमएसने, म्हणजे बॅटरीतल्या राखणदार सर्किटने, रोखलं तर वाचलात, नाही तर आग. पिन दोन्हींची बरेचदा सारखी असते, तिथेच घात होतो.

प्रश्न : जुन्या लोखंडी सायकलला २५० वॉटची मागच्या चाकाची मोटार बसवली. आठवड्यात एक्सल फिरला आणि वायर पिळून तुटली. (वाचक, आर्णी)

उत्तर : टॉर्क आर्म, म्हणजे एक्सलला फिरू न देणारी लोखंडी पट्टी, लावलेला नसणार. हब मोटार चाक पुढे ढकलते तेव्हा एक्सल तितक्याच जोराने मागे फिरू बघतो. एक्सलच्या चपट्या बाजू फ्रेमच्या खाचेत घट्ट बसायला हव्यात. खाच रुंदावली असेल तर नुसत्या नटाने तो थांबत नाही. टॉर्क आर्म फ्रेमच्या नळीला क्लॅम्पने आवळा, वायर खालच्या बाजूने काढा आणि नट लांब पान्याने कसा. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर नट आणि स्पोक पुन्हा तपासा. ही पायरी सगळेच गाळतात.

दांड्याचे ब्रेक असतील तर ते बदला. या वेगाला ते पुरत नाहीत, शिवाय ब्रेक दाबताच मोटार बंद करणारा स्विच त्यांच्यात नसतो. कॅरिअरवर कापसाचं गाठोडं असेल तर आधी पेडल मारा, सायकल हलली की थ्रॉटल द्या. जागेवरून ओझं उचलताना मोटार आणि तिला वीज सोडणारा कंट्रोलर दोन्ही तापतात.

प्रश्न : पांदण रस्त्याने चिखलातून आलो की सायकल मधेच बंद पडते, सुकली की चालते. (वाचक, हिंगणघाट तालुका)

उत्तर : आधी ब्रेकच्या स्विचवर संशय घ्या. ओल शिरली की तो ‘ब्रेक दाबलाय’ असं कंट्रोलरला सांगत राहतो. मागचं चाक उचलून दोन्ही ब्रेक लिव्हरचे कनेक्टर सोडा आणि थ्रॉटल द्या. चाक फिरलं तर स्विच बदला, पण तोवर रस्त्यावर जाऊ नका. फक्त पेडलची मदत बंद पडत असेल तर क्रँकजवळची चुंबकाची चकती बघा. काळी माती चकतीत थापली जाते, चकती सरकते आणि सेन्सरला चुंबक जाणवत नाहीत. काडीने माती काढा. फट दोन-तीन मिलिमीटर हवी. फवारणी पंपाच्या झोताने सायकल धुऊ नका.

प्रश्न : वेग वाढवायला कंट्रोलरची एक वायर तोडली तर लायसन लागेल का? (वाचक, ब्रह्मपुरी)

उत्तर : लागेल. २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली सायकल लायसन, नंबरप्लेटशिवाय चालते. त्यापुढे ती मोटार वाहन ठरते आणि नोंदणी, विमा सगळं आलं.