ईसॉपसाठी पर्सनल लोन काढावं का?

प्रश्न : मी ३२ वर्षांची सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एका स्टार्टअपमध्ये चार वर्षं काम केलं, २० फेब्रुवारी हा शेवटचा दिवस. ईसॉपचे, म्हणजे कर्मचाऱ्यांना ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घेऊ देणाऱ्या योजनेतले, माझे ६,००० ऑप्शन्स व्हेस्ट झालेत, म्हणजे ते वापरायचा हक्क मला मिळालाय. एक्सरसाइज किंमत, म्हणजे शेअर घेण्याचा ठरलेला भाव, ५० रुपये आहे आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे आजचं मूल्य ५५० रुपये. निर्णयाला ९० दिवस आहेत. यंदाचं करपात्र उत्पन्न २६ लाख, पुढच्या वर्षी नव्या नोकरीत ३४ लाख होईल. बचत ११ लाख, घरखर्च महिना ८० हजार. सहकारी म्हणतात, ३ लाखांत ३३ लाखांचे शेअर मिळतायत, सोडू नकोस. करासाठी १० लाखांचं पर्सनल लोन १३ टक्क्यांनी मंजूर झालंय. घेऊ का?

उत्तर : कर्ज घेऊ नका. शेअर घ्यायचेच तर थोडे घ्या, तेही तुमच्या बचतीतून. पण त्याआधी कंपनीकडे मुदत वाढवून मागा. हे का म्हणतोय, ते आकड्यांतून पाहू.

सहकाऱ्यांच्या हिशेबात कर धरलेलाच नाही. ऑप्शन एक्सरसाइज केला, म्हणजे ठरलेली किंमत भरून शेअर घेतला, की एक्सरसाइज किंमत आणि वाजवी बाजारमूल्य यांतला फरक पगारातला लाभ म्हणून करपात्र होतो. एकही शेअर विकलेला नसला तरी आणि विकायला बाजारच नसला तरी हा कर भरावा लागतो. तुमच्या बाबतीत फरक शेअरमागे ५०० रुपये, म्हणजे एकूण ३० लाख. तो २६ लाखांवर चढला की उत्पन्न ५६ लाख होतं. नव्या करप्रणालीत २४ लाखांपर्यंतचा कर ३ लाख आणि त्यापुढे ३० टक्के, म्हणून मूळ कर १२.६० लाख. उत्पन्न ५० लाखांच्या वर गेल्याने १० टक्के अधिभार लागतो आणि त्यावर ४ टक्के उपकर. बेरीज साधारण १४.४१ लाख होते. ऑप्शन्सना हात लावला नसता तर हाच कर ३.७४ लाख असता. ऑप्शन्सपायी वाढलेला कर १०.६७ लाख. त्यात एक्सरसाइजचे ३ लाख मिळवा. तुम्हाला शेअर ५० रुपयांना नाही, जवळजवळ २२८ रुपयांना पडतो.

यातला अधिभार नीट पाहा. ४,८०० ऑप्शन्सपर्यंत तुमचं उत्पन्न बरोबर ५० लाख राहतं आणि वाढीव कर ७.४९ लाख असतो. उरलेल्या १,२०० ऑप्शन्सवरचा लाभ ६ लाखांचा, पण त्यांच्यामुळे कर आणखी ३.१८ लाखांनी वाढतो, म्हणजे ५० टक्क्यांहून जास्त. कारण अधिभार फक्त वरच्या सहा लाखांवर नसून संपूर्ण करावर बसतो. ‘घ्यायचे तर सगळे, एकदम’ असं करणारे इथेच फसतात.

तुमच्या तारखा मात्र सोयीच्या आहेत. २० फेब्रुवारीपासूनचे ९० दिवस २१ मेला संपतात आणि मध्ये ३१ मार्च येतो. ३,००० ऑप्शन्स या आर्थिक वर्षात आणि ३,००० एप्रिलनंतर घेतले तर यंदाचं उत्पन्न ४१ लाख आणि पुढचं ४९ लाख राहील. दोन्ही वर्षी अधिभार टळतो, सगळ्या ऑप्शन्सवरचा कर ९.३६ लाखांवर येतो आणि १.३१ लाख वाचतात. पण लक्षात घ्या, कर ज्या वर्षी शेअर तुमच्या नावे वाटप होतात त्या वर्षी लागतो, तुम्ही अर्ज केला त्या वर्षी नाही. वाटपाला संचालक मंडळाचा ठराव लागतो. अर्ज मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दिला आणि ठराव एप्रिलमध्ये झाला, तर सगळा लाभ एकाच वर्षात येतो आणि विभागणी वाया जाते. शिवाय मूल्य एक्सरसाइजच्या दिवसाचं धरलं जातं. शेअर बाजारात नोंदलेले नसल्याने ते मर्चंट बँकरच्या, म्हणजे असं मूल्यांकन करणाऱ्या नोंदणीकृत वित्तसंस्थेच्या, अहवालावरून ठरतं आणि तो अहवाल १८० दिवसांपेक्षा जुना चालत नाही. म्हणून एचआरला पहिला प्रश्न हा विचारा : ५५० रुपयांचा अहवाल कोणत्या तारखेचा आहे? एप्रिलपर्यंत तो शिळा होणार असेल तर नवा आकडा वेगळा येईल आणि वरचे सगळे हिशेब पुन्हा करावे लागतील.

स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा कर पुढे ढकलता येतो, असं तुम्ही ऐकलं असेल. ती सवलत आंतरमंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र मिळालेल्या स्टार्टअपनाच आहे, नुसती डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाची, मान्यता पुरत नाही. आणि नोकरी सोडली की तीही संपते. तुम्हाला तिचा उपयोग नाही.

आता ३३ लाख या आकड्याकडे वळू. मर्चंट बँकरचं ५५० हे कर ठरवण्यासाठीचं मूल्य आहे. त्या भावाला कुणी खरेदीदार उभा आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. गुंतवणूकदारांकडे बहुधा सक्तीने रूपांतरित होणारे प्रेफरन्स शेअर असतात आणि कंपनी विकली गेली तर आधी आपली गुंतवणूक परत घेण्याचा हक्क त्यांना असतो. तुमच्याकडे येणारे साधे शेअर रांगेत शेवटी. समजा, कंपनीचं शेवटच्या राउंडमधलं, म्हणजे गुंतवणूक उभारण्याच्या शेवटच्या फेरीतलं, मूल्यांकन ९०० कोटी आहे, आतापर्यंत ३६० कोटी उभारलेत, एकूण दीड कोटी शेअर आहेत आणि त्यातले ८० लाख संस्थापकांचे व कर्मचाऱ्यांचे. उद्या कंपनी ४०० कोटींना विकली गेली तर बातमीत ‘४०० कोटींचा सौदा’ येईल. त्यातले ३६० कोटी गुंतवणूकदार घेतील आणि उरलेले ४० कोटी ८० लाख शेअरमध्ये वाटले जातील. शेअरला ५० रुपये मिळतील, जे तुम्ही २२८ देऊन घेतले असतील. हे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेत. तुमच्या कंपनीचे खरे आकडे मात्र शोधता येतात.

कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडं शुल्क भरून कोणत्याही कंपनीची कागदपत्रं पाहता येतात. पास-३ या फॉर्ममध्ये गुंतवणूकदारांना शेअर कोणत्या भावाने दिले ते असतं. एओसी-४ सोबत ताळेबंद असतो, त्यात तोटा किती आणि बँकेत शिल्लक किती ते पाहा. शिल्लक भागिले मासिक तोटा केलं की नवे पैसे न येता कंपनी किती महिने तगेल याचा अंदाज येतो. आणि नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्स ऑफ असोसिएशनमध्ये, गुंतवणूकदारांचा प्राधान्यहक्क बहुतेक वेळा तपशिलात लिहिलेला असतो. तो गुंतवलेल्या रकमेच्या एकपट आहे की जास्त, आणि पैसे परत घेतल्यावर उरलेल्या रकमेतही त्यांचा वाटा आहे का, हे दोन मुद्दे शोधा. तिथेच कंपनी सोडलेल्यांचे शेअर परत विकत घेण्याचा हक्क कंपनीकडे आहे का आणि कोणत्या भावाने, हेही पाहा. तो भाव ‘मूळ किमतीला’ असेल तर शेअर घेण्यात काहीच राम नाही.

मूल्यांकनं किती बदलतात याची उदाहरणं लांबची नाहीत. बायजूजचं मूल्यांकन २०२२मध्ये २२ अब्ज डॉलर होतं आणि जुलै २०२४मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. उलट झोमॅटोचा शेअर २०२१मध्ये ७६ रुपयांना विक्रीला आला, पुढच्या वर्षी ५० रुपयांच्याही खाली गेला आणि २०२४मध्ये २०० रुपयांच्या वर पोहोचला. म्हणजे तुमच्या सहकाऱ्यांचं स्वप्न खोटं नाही. पण झोमॅटोचे शेअर ज्यांच्याकडे होते ते वाट पाहू शकले, कारण त्यापायी दरमहा हप्ता भरायची सक्ती त्यांच्यावर नव्हती. तुमच्यावर असेल. १० लाखांचं १३ टक्क्यांचं पाच वर्षांचं कर्ज म्हणजे महिन्याला साधारण २२,७५० रुपये, एकूण व्याज ३.६५ लाख. समजा, तीन वर्षांनी शेअर ३०० रुपयांना विकता आला. १३.६७ लाखांचे १८ लाख होतात, वर्षाला साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. भाव तुमच्या खर्चाच्या वर गेला आणि तरीही कर्जाचा दर निघाला नाही.

तोट्याच्या बाजूला आणखी एक गोष्ट आहे आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. कराच्या दृष्टीने तुमची खरेदी किंमत ५५० धरली जाते. उद्या ५० रुपयांना विकलं तर शेअरमागे ५०० रुपयांचा भांडवली तोटा दिसेल, पण तो पगारातून वजा होत नाही, फक्त भांडवली नफ्यातून होतो आणि आठ वर्षं पुढे ओढता येतो. ३० लाखांच्या कागदी लाभावर पगारासारखा भरलेला कर तुम्हाला कुणी परत देत नाही. नफा झाला तर चित्र बरं आहे : नोंदणी नसलेले शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवले तर ५५०च्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर, त्याआधी विकले तर तुमच्या टप्प्याच्या दराने.

मग करायचं काय? या आठवड्यातच कंपनीला ईमेल लिहून एक्सरसाइजची मुदत वाढवून मागा. चार वर्षं दिलेल्या माणसासाठी संचालक मंडळ ही मुदत काही वर्षांनी, किंवा शेअर विक्रीची संधी येईपर्यंतही वाढवू शकतं. काही भारतीय स्टार्टअपनी ती सगळ्यांसाठीच वाढवली आहे. तोंडी ‘बघू’ला अर्थ नाही, योजनेच्या अटींनुसार मंजूर झालेलं पत्र हवं. मुदत मिळाली तर आज एक रुपयाही भरू नका. विक्रीची संधी येईल तेव्हा एक्सरसाइज आणि विक्री एकाच वेळी होईल आणि कर त्या पैशातूनच भरता येईल. तेव्हाचं मूल्य जास्त असेल तर पगाराच्या दराने कर जास्त जाईल, हे खरं. पण तो हातात आलेल्या पैशावर असेल.

मुदत नाकारली तर तुमच्या बचतीकडे या. नोकरी बदलताय, म्हणून सहा महिन्यांचा खर्च, ४.८० लाख, बाजूला ठेवा. उरतात ६.२० लाख. एकाच कंपनीच्या, विकता न येणाऱ्या शेअरमध्ये यातले निम्म्याहून जास्त घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. १,५०० ऑप्शन्सना एक्सरसाइजचे ७५ हजार आणि कराचे २.३४ लाख, मिळून ३.०९ लाख लागतात. हे पूर्ण बुडाले तरी तुमचं घर चालू राहील. कंपनीने खरंच झेप घेतली तरी चौथा हिस्सा तुमच्याकडे असेल. आणि पोर्टलवरची कागदपत्रं पाहून शिल्लक वर्षभरही पुरणार नाही असं दिसलं, तर हे १,५००सुद्धा सोडून द्या.

मुदत संपेपर्यंत थांबण्यात तुमचाच फायदा आहे. नवा राउंड, विक्री, कर्मचारीकपात, जे काही कळायचं ते या तीन महिन्यांत कळेल. फक्त शेवटच्या दिवसावर ढकलू नका. डीमॅट खातं तयार ठेवा आणि मेच्या पहिल्या आठवड्यात अर्ज व पैसे द्या. आता तुमचा पगार तिथे नसल्याने टीडीएस कापायला कंपनीकडे काही नाही. कराची रक्कम एक्सरसाइजच्या रकमेसोबतच मागतील. ती भरल्याचं कंपनीच्या टीडीएस प्रमाणपत्रात उमटलंय का ते पुढे तपासा आणि या लाभाची माहिती नव्या कंपनीला द्या, नाहीतर दोन्हीकडे टप्प्यांचा फायदा धरून टीडीएस कमी कापला जातो आणि फरक व्याजासकट विवरणपत्राच्या वेळी भरावा लागतो. विवरणपत्रात नोंदणी नसलेले शेअर दाखवावे लागतात, त्यामुळे आयटीआर-१ चालणार नाही.

मंजूर झालेल्या कर्जाला बँकेकडे लेखी नकार कळवा. प्रक्रिया शुल्क आधीच कापलं असेल तर ते परत मिळेल का, तेही विचारा.