पायथन स्क्रिप्टचं आउटपुट विंडोमध्ये लाइव्ह का दिसत नाही?

तुम्ही लिहिलंय की टीकेइंटरच्या (पायथनमध्ये विंडो बनवायची लायब्ररी) विंडोत स्क्रिप्ट चालवायचं बटण दाबलं की वर नॉट रिस्पॉन्डिंग येतं आणि स्क्रिप्ट संपल्यावर सगळं आउटपुट लॉग बॉक्समध्ये एकदम येऊन पडतं. मी यातून गेलोय. ही दुखणी दोन आहेत पण लक्षण जवळपास एकच, त्यामुळे माणूस एक बरं करतो आणि म्हणतो काही फरकच पडला नाही.

पहिलं विंडोचं. बटणाच्या फंक्शनमध्येच तुम्ही सबप्रोसेसचं (दुसरा प्रोग्राम चालवणारं मोड्यूल) रन लावलंय, ते स्क्रिप्ट संपेपर्यंत परत येत नाही, मग मेनलूप, म्हणजे विंडो जिवंत ठेवणारं चक्र, विंडो रंगवणार कधी? त्याऐवजी सबप्रोसेसचंच पॉपेन वापरा, ते स्क्रिप्ट सुरू करून लगेच परत येतं; आउटपुट पाइपला (दोन प्रोग्राममधली नळी) जोडा, एरर पण त्याच पाइपात वळवा आणि वेगळ्या थ्रेडमध्ये (समांतर चालणाऱ्या कामात) ओळ ओळ वाचा. पण त्या थ्रेडमधून टेक्स्ट बॉक्सला हात लावू नका, दहा वेळा चालेल आणि अकराव्यांदा लटकेल. थ्रेडने ओळ फक्त क्यूमध्ये (रांगेत) टाकायची, आणि विंडोच्या मेन थ्रेडमध्ये आफ्टर (टीकेइंटरचा टायमर) लावून दर 100 मिलिसेकंदांनी क्यूत साठलेलं काढून बॉक्समध्ये लिहायचं.

दुसरं दुखणं स्क्रिप्टचं, आणि माझा अख्खा रविवार यात गेला होता. समोर टर्मिनल (कमांडची काळी खिडकी) असेल तर पायथन ओळ संपली की लगेच बाहेर टाकतं, पण समोर पाइप दिसला की साठवत बसतं, बहुतेक व्हर्जनमध्ये 8192 बाइट भरले की मग सोडतं. तुमच्या पन्नास-साठ ओळी त्यात आरामात मावतात म्हणून शेवटीच दिसतात. स्क्रिप्ट चालवताना पायथनला मायनस यू (साठवू नको असं सांगणारा पर्याय) द्या, झालं. प्रत्येक प्रिंटमध्ये फ्लश ट्रू (लगेच बाहेर टाक) लिहिलं तरी चालतं पण एखादं राहतंच.

विंडोजवर आणखी एक गंमत आहे. मी एका पतसंस्थेला सभासदांचे खातेउतारे काढायची स्क्रिप्ट करून दिली होती, काळ्या खिडकीत मस्त चालायची आणि माझ्या विंडोतून चालवली की पहिल्याच मराठी नावाला मरायची. पाइप असला की विंडोजवर पायथन बहुधा जुनं सीपी-1252 एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) धरतं आणि त्यात देवनागरी नाहीच. एन्व्हायर्नमेंटमध्ये पायथन-आयओ-एन्कोडिंग या व्हेरिएबलला यूटीएफ-8 द्या आणि पॉपेनलाही तेच एन्कोडिंग सांगा, दोन्हीकडे पाहिजे, एकीकडेच दिलं तर नावांच्या जागी खिचडी दिसते नाहीतर एररच येते.

आता वापरणाऱ्यांचं. तिथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी काही हलत नाही म्हणून बटण तीनदा दाबलं आणि तीन स्क्रिप्टा एकाच फोल्डरवर तुटून पडल्या. तेव्हा चालू असताना बटण बंदच ठेवा. एरर आली की त्या स्क्रीनचा मोबाइलने तिरका फोटो काढून पाठवायच्या आणि त्यात नेमकी कामाची ओळ कापलेली असायची, म्हणून खाली 'लॉग कॉपी करा' असं बटण दिलं, माझ्या मते अख्ख्या प्रोग्राममधलं सगळ्यात उपयोगी बटण तेच. अजून एक, मॅडम बॉक्स वर सरकवून लाल ओळ वाचायला गेल्या की नवी ओळ आली रे आली की बॉक्स त्यांना खाली ओढून न्यायचा, फार चिडायच्या बिचाऱ्या. म्हणून नवी ओळ लिहायच्या आधी वायव्ह्यूची (बॉक्सचा कुठला भाग दिसतोय ते सांगणारं फंक्शन) दुसरी किंमत बघा, ती 1.0 असेल म्हणजे माणूस तळाशीच आहे, तरच शेवटाकडे सरकवा.

बॉक्समध्ये कोणी टाइप करू नये म्हणून तो डिसेबल्ड ठेवता ना, मग तुमचं स्वतःचं इन्सर्टही गुपचूप वाया जातं, एररसुद्धा येत नाही. आधी नॉर्मल करा, लिहा, परत डिसेबल्ड.

आणि विंडोची पायइन्स्टॉलरने (पायथन प्रोग्रामची थेट चालणारी फाइल बनवणारं टूल) एक्झी करून देणार असाल तर आत्ताच ऐका, स्क्रिप्ट चालवायला पायथनचा पत्ता म्हणून जे वापरतो ते सिस एक्झिक्युटेबल म्हणजे तिथे पायथन नसतं, तुमची एक्झीच असते. बटण दाबलं की स्क्रिप्ट चालायच्या ऐवजी तुमचीच विंडो दुसऱ्यांदा उघडेल. मी शेवटी स्क्रिप्टचीच वेगळी एक्झी केली, तिथे चालवताना मायनस यू देता येत नाही, त्यामुळे मुकाट्याने सगळ्या प्रिंटमध्ये फ्लश ट्रू टाकत बसलो.